हरळीवरचे चट्टे: एका मैदानावरच्या बुरशीनाशक चाचणीच्या नोंदी

१० जून २०२४

काल हवामान खात्याने मुंबईत मोसमी पाऊस पोहोचल्याचं जाहीर केलं. म्हणून वही आजपासून सुरू करते.

मैदान दादर-माटुंगा पट्ट्यातलं, एका क्रिकेट क्लबचं. आउटफिल्डला सगळीकडे हरळी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आग्नेय कोपऱ्यात ताटाएवढे पिवळट-तपकिरी चट्टे पडले आणि आठवड्याभरात एकमेकांत मिसळून मोठा पट्टा झाला. दुकानदाराने दिलेलं औषध आम्ही दोनदा मारलं. सप्टेंबरअखेर गवत हिरवं झालं. कमिटी खूश झाली, यंदा तेच औषध जास्त घ्या म्हणाली. मला ते पटलं नाही. औषधाने बरं झालं की पाऊस कमी झाल्यामुळे, हे आमच्यापैकी कोणीच सांगू शकत नव्हतं, कारण आम्ही सगळ्या कोपऱ्यावर सारखंच मारलं होतं. न मारलेला एक तुकडा ठेवला असता तर उत्तर मिळालं असतं.

यंदा तो तुकडा ठेवायचा. कमिटीने कोपऱ्यातली जागा दिली आहे. सामने असतील तेव्हा त्या बाजूची सीमारेषा पाच मीटर आत घ्यायचं ठरलं.

१४ जून

वाफे आखले. एकेक वाफा १ मीटर बाय २ मीटर, मध्ये अर्धा मीटर मोकळं. एका ओळीत पाच, अशा चार ओळी, एकूण २० वाफे. सगळी जागा ७ मीटर रुंद, साडेनऊ मीटर लांब.

जमीन कुंपणाकडे उतरती आहे. उताराच्या वरचा वाफा लवकर सुकतो, खालचा दुपारपर्यंत ओला राहतो. म्हणून ओळी उताराला आडव्या घेतल्या आणि प्रत्येक ओळीत पाचही प्रकार एकदा येतील असं पाहिलं. एकच औषध चारही वेळा वरच्या कोरड्या जागी गेलं तर ते उगाच चांगलं ठरेल. ओळीतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. चिठ्ठ्या तात्यांनी उचलल्या.

तात्या आमचे हेड माळी. तीस वर्षं हेच मैदान राखतात. गाव राजापूरकडे, घरची भातशेती. पाच प्रकार त्यांना समजावून सांगितले: एकात नुसतं पाणी, तिघांत तीन वेगवेगळी औषधं, आणि पाचव्यात औषध अजिबात नाही, पण रोज पहाटे खराट्याने पातींवरचं पाणी झाडायचं, महिन्यातून एकदा लोखंडी काट्याने जमिनीला टोचे मारून धुतलेली रेती पसरायची. नुसत्या पाण्याच्या वाफ्यांवर तात्या अडले.

"रोग पडला तरी बघत बसायचं?"

"हो तात्या. तेच चार वाफे आपल्याला खरं सांगणार."

"चार वाफे मारायचे म्हणजे."

त्यांना ते बरं वाटलेलं नाही. मला कळतं. गवत मरताना बघत राहायचं हे माळ्याच्या हाताला जमत नाही.

१८ जून

औषधं आणली. प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के, मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटी. पहिली दोन पानात शिरणारी, पण काम करण्याची पद्धत निरनिराळी. प्रोपिकोनॅझोल बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाही, तेव्हा तिच्या पेशीचा पडदा नीट होत नाही. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन पेशीचा श्वास अडवतं. मॅन्कोझेब पानावरच बसून राहतं आणि बुरशीवर एकाच वेळी अनेक जागी घाव घालतं, त्यामुळे बुरशीला त्याची सवय होणं अवघड. पण जोराचा पाऊस आला की ते धुऊन जातं. मुंबईच्या जुलैत मॅन्कोझेब किती तग धरेल याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

क्लोरोथॅलोनिल मुद्दाम घेतलं नाही. माशांना ते फार विषारी, आणि आमच्या कोपऱ्यातलं पाणी कुंपणालगतच्या गटारातून पावसाळी नाल्यात आणि तिथून समुद्रात जातं.

एक गोष्ट कमिटीला लेखी कळवली. या डब्यांबरोबरच्या पत्रकांत भात, केळी, द्राक्ष, मिरची, बटाटा अशी पिकं आहेत, मैदानाच्या हिरवळीचं नाव नाही. म्हणून सुरुवात ४० चौरस मीटरवर, दोरी लावून, आणि माटुंग्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या सल्ल्याने. मात्रा त्यांनीच लिहून दिल्या: दोन्ही द्रव औषधं लिटरला २ मिली, मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम.

हातमोजे, गमबूट, मास्क, चष्मा घेतले. तात्या मास्क लावायला तयार नव्हते. डब्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवून चारही रंग समजावले: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मग लावला.

२५ जून

आज अंगारकी. पहाटे साडेपाचला आले तर कुंपणापाशी, वाफ्यांच्या खालच्या ओळीजवळ, एक आजी बसून दूर्वा खुडत होत्या. समोरच्या चाळीतल्या. चाळीस वर्षं इथूनच दूर्वा नेतात म्हणाल्या. तीन पातींचा कोवळा तुरा नखाने अलगद तोडायचा, एकवीस झाले की दोऱ्याने जुडी बांधायची. शेजाऱ्यांसाठीही नेतात, पैसे घेत नाहीत.

अजून एकही फवारणी झालेली नाही म्हणून नशीब. आराखडा मांडताना पाऊस, उतार, वारा, चेंडू, सगळं धरलं होतं. आमचं आउटफिल्ड म्हणजे कुणाच्या तरी देवघरातल्या दूर्वा, हे धरलं नव्हतं. चाचणीची पहिली मोठी चूक ही माझीच, आणि ती वेळेत कळली.

आजींना सांगितलं की परवापासून इथे विषारी औषध मारणार आहोत, या दोरीच्या आतलं एक पातंही घ्यायचं नाही. त्यांनी विचारलं, "मग मी कुठे जाऊ?"

पश्चिमेच्या कुंपणालगत, सगळ्यात लांब आणि उताराच्या वरच्या बाजूला, दोन मीटर रुंदीची लांब पट्टी राखून ठेवली. तिथे फवारणी नाही, तणनाशक नाही, काही नाही. मोठ्या अक्षरांत पाटी लावली: दूर्वा इथून घ्याव्यात. वाफ्यांवर दुसरी पाटी: औषध फवारले आहे, गवत तोडू नये, मुलांना व कुत्र्यांना येऊ देऊ नये. पाट्या तात्यांनी रंगवल्या.

२७ जून

पहिली फवारणी. रोग दिसायच्या आधीची.

पाठीवरचा १६ लिटरचा पंप इतक्या लहान वाफ्यांना चालत नाही, एका बाजूला दाट पडतं आणि दुसरी कोरडी राहते. दोन लिटरचा हातपंप घेतला. चौरस मीटरला ८० मिली द्रावण धरलं, म्हणजे वाफ्याला १६० मिली. आधी नुसतं पाणी भरून मोजलं: या पंपातून मिनिटाला ४०० मिली पडतं. म्हणजे वाफ्याला २४ सेकंद. अर्धा वेळ आडवा हात, अर्धा वेळ उभा. तात्यांनी मोठ्याने आकडे मोजले, मी फवारलं. वाऱ्यासाठी चारी बाजूंनी पुठ्ठ्याची आडोशाची पेटी धरली.

चार वाफ्यांना ६४० मिली लागतं, म्हणून प्रत्येक औषधाचं ७०० मिलीच द्रावण केलं. द्रव औषध सिरिंजने १.४ मिली, मॅन्कोझेब बारीक डिजिटल काट्यावर १.७५ ग्रॅम. पंप विसळलेलं पाणी त्याच वाफ्यांवर मारलं. गटारात काही टाकलं नाही.

सकाळी ६:१० ते ७:०५. पाऊस ११ नंतर आला.

२ जुलै

रोग नाही. पाचव्या प्रकारच्या वाफ्यांवर पहाटेचा खराटा रोज चालू आहे.

८ जुलै

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरवर पाऊस. लोकल बंद. मी दुपारी पोहोचले. खालच्या दोन ओळी पाण्याखाली होत्या, खुंट्यांची फक्त टोकं दिसत होती. तात्या सकाळपासून तिथेच होते, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. पाणी ओसरायला चार वाजले.

वरच्या वाफ्यांवरून औषध वाहून खालच्या वाफ्यांत गेलं असणार. पहिल्या फवारणीला अकरा दिवस झाले होते, त्यामुळे पातीवर फार उरलं नसेल. तरीही सगळ्यात खालच्या ओळीचे आकडे वेगळे मांडायचे, वरच्यांत मिसळायचे नाहीत, असं आजच ठरवून लिहून ठेवते. निकाल बघून मग ठरवलं तर तो प्रामाणिकपणा राहणार नाही.

११ जुलै

आला. पहाटे ५:४० ला, ऊन पडायच्या आत, बॅटरी आडवी धरून पाहिलं. वरच्या ओळींत नुसत्या पाण्याच्या वाफ्यांवर वितभर गोल चट्टे, पाती गव्हाळ-तपकिरी, कडेला करडी, धुरकट झाक. ऊन चढल्यावर ती झाक दिसत नाही, म्हणून पाहायचं ते पहाटेच.

खालच्या ओळीत मात्र दुसरंच काहीतरी. तिथले चट्टे गोल नाहीत, पाणी ज्या वाटेने वाहिलं त्या वाटेने लांबट पट्टे आहेत. पाती काळपट, तेलात बुडवल्यासारख्या, बोटाला बुळबुळीत. वर कापसासारखं पांढरं जाळं. गेल्या वर्षी आम्ही दोन्हीला एकच "बुरशी" म्हटलं होतं.

तात्यांनी वरच्या चट्ट्यातली एक पाती नखाने सोलून पाहिली. "हा तर भातावरचा करपा. पाण्याच्या वर पेंढीला धरतो तो."

दोन्ही ठिकाणचे नमुने मुळांसकट काढून ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळले. प्लॅस्टिकची पिशवी नाही. त्यात वाफ धरते आणि सडवणाऱ्या भलत्याच बुरशा आधी वाढतात.

१३ जुलै

सरांच्या प्रयोगशाळेत दोन तास.

वरचा नमुना: तंतू तपकिरी, मधे आडपडदे, आणि फांद्या जवळपास काटकोनात फुटलेल्या, फुटण्याच्या जागी बारीक चिमटा. ऱ्हायझोक्टोनिया. भाताच्या पर्णकोष करप्याचीच बुरशी. तात्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखलं होतं. सर म्हणाले, त्यांना घेऊन यायला हवं होतं.

खालचा नमुना: तंतू पांढरे, आडपडदे जवळजवळ नाहीतच, नळीसारखे सलग. पिथियम. हळदी-आल्याची कंदकुज करणारं आणि रोपवाटिकेत कोवळी रोपं कोलमडवणारं हेच घराणं.

आता खरा मुद्दा. पिथियमला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही. तिचं नातं पाण्यातल्या शेवाळांच्या कुळाशी जवळचं. तिच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं, आणि तिचे बीजाणू शेपटीने पाण्यात पोहतात. म्हणून ते पट्टे पाण्याच्या वाटेने गेलेत. आणि ती स्वतःचं एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. मग एर्गोस्टेरॉल अडवणारं प्रोपिकोनॅझोल तिच्यावर काय करणार? गेल्या वर्षी दुकानदाराने दिलेलं औषध त्याच गटातलं होतं. रिकामी बाटली अजून कोठीत आहे, नाव वाचून खात्री केली.

पिथियमवर चालणारं मेटॅलॅक्सिल आमच्या पाच प्रकारांत नाही. रोग न ओळखता औषधं ठरवली, हे माझं चुकलं. सरांना विचारलं, एक प्रकार बदलू का? त्यांनी मनाई केली. चालू चाचणीत खेळाडू बदलायचा नाही. हवं तर खालच्या ओळीशेजारी वेगळी छोटी जोडी कर: एक पट्टी मेटॅलॅक्सिल, एक पट्टी मोकळी, असं दोनदा.

१६ जुलै

दुसरी फवारणी, पाच दिवस उशिरा. सलग चार तास कोरडे मिळायची वाट पाहत होतो. मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब मिश्रणाच्या पट्ट्याही आजच मारल्या.

२० जुलै

आज मैदानावर सामना. कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा १९४८ पासून भर पावसाळ्यात चालत आली आहे. ओल्या खेळपट्टीवर, उंच वाढलेल्या गवतात चेंडू कुठे जिरेल सांगता येत नाही आणि फलंदाजाचं तंत्र तिथेच तपासलं जातं. मुंबईतल्या मैदानांना म्हणून पावसाळ्यात विश्रांती नसते, आणि गवत मेलं की खिळ्यांच्या बुटांखाली थेट चिखल होतो.

क्षेत्ररक्षक दोरी ओलांडून दोनदा आत गेला. दुसऱ्यांदा तात्या धावले. मुलगा चांगला होता, माफी मागितली, बूट धुतले.

यापुढे गवत कापायचं मशीन आधी मोकळ्या मैदानावर आणि शेवटी या कोपऱ्यात. कापून झालं की पाती नळाखाली धुवायची. पिथियम मशीनच्या चाकांबरोबर पसरतं.

२४ जुलै

पहिली मोजणी. १ मीटरची लाकडी चौकट, दोऱ्यांनी १०० घरं पाडलेली. वाफ्यावर ठेवायची आणि रोगट घरं मोजायची. प्रत्येक वाफ्यावर दोनदा, मग सरासरी. मी आणि तात्यांनी वेगवेगळी मोजली, एकमेकांना न सांगता. आराखड्याचा कागद सरांकडे, म्हणजे कोणत्या वाफ्यात काय मारलंय हे निदान समोर दिसत नव्हतं. फवारणी मी करते, त्यामुळे काही वाफे पाठ झालेत. तात्यांचे आकडे म्हणून जास्त भरवशाचे. दोघांचे फार वेगळे नाहीत.

वरच्या तीन ओळींची सरासरी, १०० पैकी रोगट घरं: नुसतं पाणी ३४. मॅन्कोझेब २१. प्रोपिकोनॅझोल ९. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन ६. औषधाशिवाय, फक्त खराटा-टोचे-रेती १७.

सतरा! दोनदा मोजलं. रोज पहाटे पाती झाडल्याने त्या तीन-चार तास आधी सुकतात, एवढाच फरक. मॅन्कोझेबपेक्षा कमी रोग. अर्थात या पावसात मॅन्कोझेब टिकत नाही, त्याच्याशी तुलना म्हणजे दुबळ्याशी तुलना. तरी नुसत्या पाण्याच्या निम्मं.

खालची ओळ, जिथे पिथियम आहे: नुसतं पाणी ६१, प्रोपिकोनॅझोल ५८. म्हणजे मारलं काय, न मारलं काय. मॅन्कोझेब ४०, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन ३७, खराटा ५५. ही एकच ओळ आहे, प्रत्येक प्रकाराचा एकच वाफा. यावरून अंदाज बांधता येतो, सिद्ध काही होत नाही.

आणखी एक. प्रोपिकोनॅझोलचे वाफे लांबूनच ओळखू येतात. गवत गडद, निळसर हिरवं, वाढ खुंटलेली. कमिटीचे एक सदस्य आले होते, त्यांनी बोट दाखवून सांगितलं की हाच सर्वांत निरोगी. खरं तर या गटातली औषधं गवताचं वाढीचं संप्रेरकही दाबतात. पाती आखूड आणि दाट दिसतात म्हणून रंग गडद वाटतो. गरम हवेत हरळीवर हे वारंवार मारलं तर नव्या पातींनी चट्टा भरून यायला उलट उशीर लागतो. रंगावर जाऊ नये.

संध्याकाळी संकष्टी. आजींची पट्टी हिरवीगार आहे.

३१ जुलै

तिसरी फवारणी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतले नुसत्या पाण्याचे वाफे अचानक हिरवेगार. आसपास सगळं निस्तेज आणि हे दोन झळझळीत. असा रंग एकदम खतानेच चढतो. युरिया.

तात्यांना विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं. शनिवारी संध्याकाळी दोन मुठी टाकल्या होत्या. म्हणाले, "रोज त्यांच्यावरून जातो. बाकीच्यांना औषध देतो आपण, यांना काहीच नाही. जरा ताकद यावी म्हणून टाकलं."

मला राग आला होता, पण त्यांच्याकडे पाहून बोलवेना. तीस वर्षं या माणसाने इथलं एकेक पातं जगवलंय. चार वाफे मरू द्यायचे म्हणून मी त्यांना सांगितलं, आणि का ते पुरेसं समजावलं नाही. चिठ्ठ्या उचलायला लावल्या, आकडे मोजायला लावले, पण गेल्या वर्षीच्या चुकीची गोष्ट त्यांना बसून कधी सांगितली नव्हती. आज सांगितली. बाटली दाखवली, पिथियमचं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे मागल्या साली आपण पावसाला औषधाचे पैसे दिले."

दोन वाफे मुख्य हिशेबातून बाद. वहीत लाल शाईने लिहिलं. फेकून मात्र द्यायचे नाहीत, काय होतं ते वेगळं टिपायचं.

६ ऑगस्ट

जे व्हायचं ते झालं. युरियाचे दोन्ही वाफे कोसळले. ७४ आणि ७०. शेजारचा, युरिया न पडलेला पहिल्या ओळीतला वाफा ४१. युरियात ४६ टक्के नत्र. उष्ण-दमट हवेत जादा नत्राने पाती झपाट्याने वाढतात, मऊ आणि पाणीदार होतात, आणि ऱ्हायझोक्टोनियाला हवी असते ती हीच. दोनच वाफे, आणि नियोजन नसलेले. पण तात्यांनी ते स्वतः चौकट ठेवून मोजले. चौकट उचलल्यावर बराच वेळ तिथेच उभे होते.

मग म्हणाले, जुलैत सामन्यांआधी मैदान हिरवं दिसावं म्हणून आपण दरवर्षी युरिया मारतो.

मारतो. मीच पत्रावर सही करते.

१० ऑगस्ट

खालची ओळ दुपारपर्यंत ओली का राहते, हे दोन महिने मी उतारावर ढकलत होते. आज सकाळी तात्या आणि मी कुंपणालगतच्या गटाराची जाळी उचलली. आत कापलेल्या गवताचा कुजका थर, त्यात बाटल्या, तुटक्या चपला, एक सीझन बॉल. पार चोकअप. मशीनमधलं गवत गेली कित्येक वर्षं कुंपणापाशीच ओतलं जातंय आणि पहिल्या पावसात ते जाळीत उतरतंय. चार तास उपसलं. अकरा घमेली निघाली.

१३ ऑगस्ट

रात्री जोराचा पाऊस. पहाटे साडेपाचला खालच्या ओळीत उभं पाणी नाही! गेल्या महिन्यात एवढ्या पावसाला दहा-अकरा वाजेपर्यंत घोट्याएवढं असायचं.

१४ ऑगस्ट

चौथी आणि शेवटची फवारणी. गणपतीला साडेतीन आठवडे आहेत, त्याआधी आणखी नाही.

मेटॅलॅक्सिलच्या पट्ट्या: ८ आणि १२. त्यांच्या जोडीच्या मोकळ्या पट्ट्या: ५२ आणि ४७. औषध स्पष्ट चालतं. पण गटार मोकळं केल्यापासून मोकळ्या पट्ट्यांतही नवीन पांढरं जाळं दिसलेलं नाही. शिवाय मेटॅलॅक्सिलला पिथियम लवकर सरावतं, हे औषध रोजच्या वापराचं नाही. तीच गोष्ट अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनची. चाचणीत मी ते एकाच वाफ्यावर चार वेळा मारलं, कारण तुलना करायची होती. मैदानावर तसं केलं तर दोन-तीन हंगामांत ते निकामी करून ठेवू.

२२ ऑगस्ट

संकष्टी. आजींना बरं नाही, नात आली होती. तिला तीन पातींचा तुरा कुठला ते तात्यांनी दाखवलं.

६ सप्टेंबर

उद्या गणेश चतुर्थी. पहाटे चारपासून माणसं येत होती. फूलबाजारात दूर्वांची जुडी महागली की सगळी आसपासची घरं इकडे वळतात. आम्ही दोघं वाफ्यांपाशी उभे राहिलो, येईल त्याला पश्चिमेच्या पट्टीकडे पाठवलं. दोघा-तिघांनी विचारलं की इकडचं गवत तर जास्त चांगलं दिसतंय. ते प्रोपिकोनॅझोलचे वाफे होते.

आठपर्यंत पट्टी पार खुडली गेली. वाफ्यांतलं एक पातंही गेलं नाही. आज मला सगळ्यात जास्त काळजी याचीच होती.

३० सप्टेंबर

२५ तारखेच्या संध्याकाळच्या मुसळधार पावसानंतर मोठा पाऊस नाही. मोजणी, वरच्या तीन ओळी: नुसतं पाणी (उरलेला एकच वाफा) २२, मॅन्कोझेब १५, प्रोपिकोनॅझोल ८, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन ४, खराटा ९. युरियाचे दोन ४९ आणि ४५.

कमिटीला पत्र लिहिलं. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत युरिया बंद. कापलेलं गवत कुंपणापाशी न ओतता कंपोस्टच्या खड्ड्यात, रोगट कोपऱ्यातलं वेगळं. पहाटेचा खराटा नेहमी रोग पडणाऱ्या कोपऱ्यांत, त्यासाठी एक माणूस दीड तास. औषध मारायचंच झालं तर आधी नमुना तपासून, चट्टे दिसल्यावर, फक्त त्या कोपऱ्यात, आणि लागोपाठ दोनदा एकच गट नाही. गेल्या वर्षीचं औषध जास्त घ्यायचा ठराव मागे घ्यावा, असंही लिहिलं.

१८ ऑक्टोबर

१५ तारखेला मोसमी पाऊस देशातून परतला. आता दिवसा कडक ऊन.

शेवटची मोजणी. नुसतं पाणी ५. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन २. खराटा ३. प्रोपिकोनॅझोल ६, म्हणजे आता न मारलेल्यापेक्षा किंचित जास्त, नव्या पाती उशिरा फुटताहेत. मॅन्कोझेब ४. हे फरक इतके लहान आहेत की त्यांना काही अर्थ नाही. युरियाचे वाफेसुद्धा १८ आणि १४ वर आलेत. ऱ्हायझोक्टोनियाने पाती जाळल्या, पण हरळीचे जमिनीखालचे कोंब जिवंत होते. ऊन मिळाल्यावर कांड्याकांड्याला फूट आली.

गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीतल्या त्या एका वाफ्यात आहे. त्याला चार महिने पाण्याशिवाय काही दिलं नाही, आणि ऑक्टोबरात तो हिरवा आहे. औषधाचा उपयोग जुलै-ऑगस्टमधला, खेळ चालू असताना गवत टिकवायचा, तोही योग्य रोगावर योग्य औषध असेल तर.

तात्यांनी खुंट्या काढून धुतल्या आणि कोठीत बांधून ठेवल्या. नुसत्या पाण्याच्या चार वाफ्यांच्या खुंट्यांना त्यांनी पांढरा रंग दिला आहे, पुढच्या जूनमध्ये चुकून त्यांच्यावर काही पडू नये म्हणून. शिल्लक औषधं मोजून कुलपात: प्रोपिकोनॅझोल ९४ मिली, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन ९४ मिली, मॅन्कोझेब ९३ ग्रॅम. गटाराची जाळी दर १५ मेला उचलायची, कोठीच्या दारावर खडूने लिहिलं.